फॉर्मवरची रिकामी चौकट

प्रिय शिट्टीबाई,

या नावानं हाक मारायचा हक्क दोन वर्षांपूर्वी वकिलांच्या टेबलावर सोडून आलो, हे मला ठाऊक आहे. पण तुझ्या खऱ्या नावानं सुरुवात केली तर पत्र बँकेचं वाटेल आणि तू ते न वाचताच बाजूला ठेवशील. तुझ्या ताईकडून कळलं की पोहण्याच्या नव्या तलावावरही तू लहान मुलांचीच तुकडी मागून घेतलीस आणि पहिल्याच आठवड्यात समोरच्या इमारतीतल्या लोकांनी तुझ्या शिट्टीची तक्रार केली. ऐकून फार बरं वाटलं. इकडे सगळं तसंच आहे. स्वयंपाकघरातला नळ अजून गळतो. छापखान्यात मी त्याच खिडकीजवळ बसून मुद्रितं तपासतो. बाकीचे सगळे आता पडद्यावर तपासतात, मी एकटाच कागद आणि पेन्सिल मागतो. मालक म्हणतात, तुम्ही निवृत्त झालात की तुम्हाला काचेच्या कपाटात ठेवू.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. आत दवाखान्याचा फॉर्म आणि त्याला टाचलेली तुझी चिठ्ठी: ‘या वेळी खूण तू कर.’ एवढीच. ती चिठ्ठी मी चार दिवस खिशात घालून फिरलो. फॉर्म तर पाठ आहे मला. गोठवून ठेवलेले भ्रूण पुढच्या वर्षासाठी ठेवायचे, दुसऱ्या जोडप्याला द्यायचे, की साठवण थांबवायची. तीन चौकटी आणि खाली दोघांच्या सह्या. नऊ वर्षांपूर्वी पाच तयार झाले तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तू म्हणाली होतीस, पाच म्हणजे रिलेचा एक संघ आणि वर एक राखीव. त्यातले दोन वेगवेगळ्या वेळी तुझ्या पोटात ठेवले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. दुसऱ्या वेळी तू आठवडाभर तलावावर गेली नाहीस. मी रोज तुझ्या उशाशी चहा आणून ठेवायचो आणि थंड झालेला परत न्यायचो. उरलेल्या तिघांचं काय करायचं हे विचारायला माझं तोंड उघडेना. तू म्हणालीस, जरा थांबू या. मी म्हटलं, बरं. त्या ‘बरं’पासून आपलं घोंगडं भिजत पडलं ते आजतागायत.

दर वर्षी फॉर्म यायचा. मी खाली सही करायचो, चौकटी कोऱ्या सोडायचो आणि कागद साखरेच्या डब्याखाली ठेवायचो. दोन दिवसांनी तो तिथून गेलेला असायचा. पुढच्या वर्षी नवा आला की कळायचं, तू ‘ठेवा’वर खूण केली होतीस. वेगळे झाल्यावरही दोनदा तू तो पोस्टानं पाठवलास आणि मी तशीच कोरी सही करून परत केला. मला वाटायचं, मी केवढा समजूतदार! माझ्या कामाची रीतच ती. एखादं वाक्य खटकलं तर मी ते बदलत नाही, समासात प्रश्नचिन्ह काढतो आणि लेखकाकडे परत धाडतो. वाक्य त्याचं, निर्णय त्याचा. तसंच इथे. सुया तुला टोचल्या, दुखलं तुला, मग मी कोण सांगणारा? शिवाय जी बाई एका शिट्टीत चाळीस मुलांना पाण्यात उडी मारायला लावते, तिला एक खूण करायला कितीसं जड जाणार? सोयीचा समज होता तो. मूग गिळून बसायचं आणि त्यालाच मोठं मन म्हणायचं.

गुरुवारी मी दवाखान्यात गेलो, खूण नेमकी कशी करायची ते विचारायला. तुझी शीर कधीच न सापडणाऱ्या त्या सिस्टर आता खिडकीवर बसतात. त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, अहो, तुम्ही कधी येत नाही, बाई मात्र दर वर्षी स्वतः येतात. परगावी गेल्यावरही आल्या. फॉर्म माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, सिस्टर, तुमची नजर चांगली आहे, जरा उजेडात बघा, यांनी कुठे पेन्सिलीनं काही केलंय का; फार पुसट लिहितात ते. सिस्टर सहाही वेळा कागद खिडकीशी नेऊन बघत आल्या. काही नाही म्हटल्यावर तू बाकावर अर्धा तास बसायचीस, मग खूण करून निघून जायचीस.

आता ऐक. तिसऱ्या वर्षी मी लिहिलं होतं. समासात, पेन्सिलीनं: ‘आणखी एकदा प्रयत्न करू या? मला हवं आहे.’ दिवसभर तो कागद दप्तरात होता. संध्याकाळी तू तलावावरून दमून आलीस, पाय वर घेऊन बसलीस, आणि मला वाटलं, हिला पुन्हा त्या सुयांकडे ढकलणारा मी कोण. मी पुसून टाकलं. तू मला खोडरबर म्हणायचीस ते उगाच नाही. माझं खोडकाम इतकं स्वच्छ की उजेडातही काही दिसत नाही. मला मूल हवं होतं. तुझ्यापासून हवं होतं. तू वाट बघत होतीस आणि मला वाटत होतं, मी तुला जपतोय.

डॉक्टरांनी तुला या वर्षी काय सांगितलं ते ताईनं मला सांगितलंय, तिच्यावर चिडू नकोस. तुझ्या शरीराला आता गर्भ पेलवणार नाही, म्हणजे ‘ठेवा’ला अर्थ उरला नाही. दुसऱ्या जोडप्याला द्यावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण तू एकदा म्हणाली होतीस, मग मी जन्मभर प्रत्येक तलावावर पोरांचे चेहरे तपासत बसेन. आणि तिसऱ्या चौकटीवर तुझा हात कधीच वळणार नाही, म्हणूनच तू ती चिठ्ठी टाचलीस, हे मला चार दिवसांनी का होईना, कळलं.

फॉर्म सोबत आहे. नुसता पाठवता आला असता, पण सात वर्षांनी खूण करायची आणि पुन्हा मुकाट्यानं, हे मला जमेना, म्हणून हे पत्र. तिसऱ्या चौकटीत मी खूण केली आहे, पेनानं. तुझी सही पोचली की दवाखान्यातले लोक साठवण थांबवायची तारीख कळवतील. आपल्यापैकी कुणाला हजर राहायचं असेल तर चालतं, असं सिस्टर म्हणाल्या. मी जाणार आहे. तू येऊ नकोस, त्या बाकावर तू पुष्कळ बसलीस. आणि या पत्राच्या तळाशी एक ओळ काट मारलेली दिसेल. तिथे मी सवयीनं पेन्सिलीत लिहिलं होतं, ‘तुला वेगळं वाटलं तर तू बदल, माझी काही हरकत नाही.’ रबर हाताशीच होतं. पण पुसली नाही, काट मारली, म्हणजे या वेळी तुला शोधावं लागणार नाही.

तुझाच, उशिरा का होईना,
खोडरबर

<s>तुला वेगळं वाटलं तर तू बदल, माझी काही हरकत नाही.</s>