डाव्या बाजूचा निळा

१६ जानेवारी १९९६, मंगळवार

संक्रांत उलटल्यावर हे आले! ऊस घेऊन अंकुशनगरला गेल्ते, पाच दिवसांनी घर दिसलं. ट्रक दारात लागला अन् मी बघतच राह्यले. डावं मडगार्ड अन् डावं दार नवंकोरं निळं. बाकी सगळी गाडी आपली जुनी, उन्हानं उडालेली निळी. जरा तरी जुळावं!

"काय झालं?"

"गंज चढला होता."

बस, एवढंच. हे अर्ध्या भाकरीवरून उठले.

१८ जानेवारी, गुरुवार

शेजारच्या द्वारकाबाई सांगून गेल्या — शुक्रवारी अंबडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला ट्रकनं उडवलं. जागीच गेला. ट्रक थांबला बी न्हाई. "निळा व्हता म्हणं."

शुक्रवारी हे त्याच रस्त्यानं —

न्हाई. लिहवत न्हाई.

२० जानेवारी, शनिवार

दवाखान्याचं निमित्त काढून अंबडला गेल्ते. गाडी रंगवणारा संपत ह्यांच्या ओळखीचा. सरळ विचारलं, गंज होता का रे? तो हसला. "कसला गंज, वहिनी! मडगार्ड पार आत गेल्तं, ठोकून काढलं. रंग जुळेना, तर दादा म्हणले, जुळो न जुळो, जल्दी लाव अन् दे."

जल्दी! कशापायी?

घरी कशी आले, मलाच ठाऊक न्हाई.

२१ जानेवारी

एकवीस वर्षं ह्या माणसाला वाढतेय. कुत्रं आडवं आलं तरी करकचून ब्रेक मारणारा माणूस. हा कुणाला रस्त्यात टाकून पळंल? मंग माझ्याकडं बघत का न्हाई?

२२ जानेवारी, सोमवार

विचारलं! चहाचा कप हातात दिला अन् म्हटलं, "अहो, तुमच्या हातून कुणी मेलं का? माझी शपथ हाय, खरं सांगा."

"मी? कुणाला मारलं?"

सायकलवाल्याचं सांगितलं. तर म्हणाले, "अगं, तो ट्रक तवाच बदनापूरला धरला. ड्रायव्हर आत हाय."

"मंग मडगार्ड?"

कप खाली ठेवला. मंग हळूच, "कारखान्याच्या फाटकाचा खांब ठोकला. खांब मला दिसलाच न्हाई, कौसल्या. दिवाळीपासून डाव्या डोळ्यानं काहीच दिसत न्हाई."

मी रडले. हसले बी! माणूस मारला न्हाई, खांब ठोकला. खांब! शेजारी गूळ वाटावासा वाटला.

२३ जानेवारी

आनंद एकच दिवस पुरला. आज डोकं चालायला लागलं. तीन महिने हे एका डोळ्यावर गाडी हाकून राह्यले! तो म्हातारा दुसऱ्याच्या गाडीखाली गेला, पण आपल्या बी आला असता की.

चावी मागितली.

"गाडी सोडून मी काय करू? कोण विचारील मला?"

मी हात पसरून उभीच. शेवटी दिली.

२९ जानेवारी, सोमवार

दिराच्या जीपनं जालन्याला. डोळ्याचे डॉक्टर. काचबिंदू. डाव्याची गेलेली नजर परत येणार न्हाई. "उजवा वाचेल," म्हणाले, "अजून उशीर केला असता तर तो बी गेला असता." थेंब जन्मभर घालायचे. ट्रक बिलकुल बंद.

मला वाटलं, खचतील. पण बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या खांबाचं भलं होवो."

१२ फेब्रुवारी, सोमवार

काल ट्रक भोकरदनचा एक माणूस विकत घेऊन गेला. आज तपासणीला निघालो ते एस.टी.नं. गाडी हाकायला लागल्यापासून सव्वीस वर्षांत ह्यांनी पहिल्यांदा तिकीट काढलं! मला खिडकी दिली. गोलापांगरी यायच्या आतच माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले.

जालना आलं. सगळे उतरले. मी हललेच न्हाई.