भुईगावची बाळचोरी

१४ डिसेंबर २००७
कॉलेज सोडल्यापासून पप्पा रोज ऐकवतात, वाया गेलास. त्यांना काय कळणार! ऑफिस, घर, भाजीची पिशवी. असलं जगणं आपल्याला जमणार नाही. आजपासून अन्यायाविरुद्ध लढा. ऑर्कुटवर कम्युनिटी काढली, 'वसई जागी हो'. माझं नाव 'न्यायवीर'. मेंबर दोन. दुसरा माझा मित्र कौस्तुभ, जबरदस्तीने.

१६ डिसेंबर
अन्याय मिळेना. उमेळ्यात आमच्या बिल्डिंगसमोर गटार तुंबलंय, पण गटारासाठी कोण न्यायवीर होतो! सायकलने भुईगावला गेलो. ज्युलीच्या घरावरून, सहज. चारदा. वर्गात ती पुढच्या बाकावर असायची. बोललो कधीच नाही, पण तिला माहीत आहे.

१८ डिसेंबर
सापडला! ज्युलीच्या अंगणात नाताळचा गोठा. पेंढा, गाय, मेंढ्या, मरियम, जोसेफ, सगळे जागेवर. मधला बाळ येशू गायब! आणि तो कॉन्रॅड, तिला रोज बुलेटवरून स्टेशनला सोडणारा, तिच्याच ओट्यावरून टॉवेलात काहीतरी गुंडाळून निघाला. वर हसत! मोबाइलवर फोटो काढला. टॉवेल स्पष्ट आलाय.

१९ डिसेंबर
सायबरमध्ये बसून टाकलं: 'भुईगावात बाळ येशूची चोरी! चोर मोकाट!' फोटो, नाव, बुलेटचा नंबर, सगळं. कौस्तुभ म्हणाला, आधी कुणाला विचार तरी. विचारत बसणारे क्लार्क होतात.

२१ डिसेंबर
मेंबर एकशे चाळीस! वसईला नेता हवाच होता. कुणा थेरेसाने नुसतं 'हाहाहाहा' लिहिलंय. संताप अनावर झाला की माणसाचं असं होतं.

२२ डिसेंबर
ज्युलीने स्वतः लिहिलं. 'अरे येड्या न्यायवीरा, बाळ अजून जन्मलंच नाय. चोवीसच्या रात्री चर्चमधल्या मिस्साला जन्मतं. तोवर गव्हाण रिकामीच ठेवतात. मूर्तीचं बोट तुटलेलं, म्हणून कॉन्रॅडदादा रंगवायला घेऊन गेला.'
खाली अख्खं भुईगाव आणि शेजारचं गिरीज हसतंय. एकाने लिहिलं, न्यायवीराला गॉडफादर करा रे.
पण दादा म्हणाली. मुद्दा तो आहे.

२३ डिसेंबर
कौस्तुभ सांगत होता, गावातली पोरं न्यायवीराला शोधतायत. मला ताप आलाय असं आईला सांगितलं आणि पडून राहिलो. भीती नाही. उलट बरंच वाटतंय. साध्या माणसाला कोण शोधतं?

२५ डिसेंबर
मार खायचा तर छातीवर. सकाळीच भुईगावला गेलो. बाळ गव्हाणीत, बोट नवंकोरं. अंगणात गर्दी. सगळ्यांसमोर म्हणालो, मीच न्यायवीर.
कॉन्रॅडने खालून वर पाहिलं. म्हणाला, चल रे, सकाळपासून तू तिसरा न्यायवीर. पोरं खो खो हसली. एकानेही हात उगारला नाही.
ज्युलीला म्हटलं, तू तरी सांग यांना. तुझ्या मागच्या बाकावर बसायचो मी.
तिने खरंच आठवून पाहिलं. बराच वेळ. मग करंज्यांचं ताट पुढे करत म्हणाली, सॉरी हां, वर्गात खूप जण होते. नेवरी घे ना.
घेतली.