मुक्ताआक्काची कबुली

॥ श्री ॥
लोणावळे, ता. ५ डिसेंबर १९३६

चि. महिपतीस मुक्ताआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तार केली नाही, कारण तार म्हटली की आपली नंदाबाई आधी रडते आणि मग वाचते. मी जिवंत आहे. डावा पाय गुडघ्याखाली मोडला, बाकी सगळी मुक्ता जागच्या जागी आहे.

झाले असे. मंगळवारी सकाळी भुशीचे एक बाळंतपण उरकून, सुईणीची पेटी हातात धरून मी पायी परत येत होते. रस्त्याच्या अगदी कडेने, जिथून म्हशी चालतात तिथून. मागून मोटार आली. खंडाळ्याला बंगला असलेल्या मुंबईच्या एका शेटची. पुढच्या क्षणी मी गटारात आणि पेटी करवंदीच्या जाळीत.

आता तू रागावशील ती गोष्ट. शेट उतरले आणि मोटारीचा दिवा तपासू लागले. मी गटारातूनच म्हणाले, की चुकलं हो माझं, दिव्याला लागलं तर नाही ना? त्यांच्या मुनिमाने तेवढे वाक्य कागदावर उतरवले आणि माझ्यापुढे धरले. मी सही केली. पाय मोडलेला असूनही सही सुरेख आली आहे.

दस्तगीरभाई टांगेवाल्यांनी मला उचलून दवाखान्यात आणले आणि पोलिसांतही तेच गेले. मोटार या जातीवरच त्यांचा राग असल्यामुळे त्यांनी तिथे काय काय सांगितले असेल देव जाणे.

खरी काळजी नोकरीची. आमच्या दवाखान्याच्या कमिटीने ठरवले आहे, की दोष मोटारवाल्याचा ठरला तर पाय बरा होईपर्यंत माझी जागा राखायची. हलगर्जीपणा माझा ठरला तर दुसरी सुईण आणायची. या कामाशिवाय मला दुसरे काही येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

नंदाबाईस व मुलांस आशीर्वाद. लोभ करावा, उपदेश बेताचा करावा.
मुक्ता

पुणे, ता. ९ डिसेंबर १९३६

ती. आक्कास महिपतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र वाचताना मी दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. नंदाबाई तार नसतानाही रडली.

आक्का, बारा वर्षे वकिली करतो आहे. घरफोड्यांनीसुद्धा माझ्यासमोर इतकी स्वच्छ कबुली दिलेली नाही. आणि तीही सहीनिशी!

असो. खटला वडगावच्या कोर्टात चालेल. माझे मित्र रखमाजीराव तिथे वकील आहेत, ते तुझी बाजू पाहतील. शेटचा वकील तुझी चिठ्ठी मिरवणार, हे उघड आहे. चुकलं म्हणणे ही तुझी कबुली नसून खोड आहे, हे आपण दाखवू. तुझी ही खोड माहीत असलेली चार माणसे शोध. फार शोधावे लागू नये.

आणखी एक. पोलिसांच्या कागदात मोटार शेटचा ड्रायव्हर अंबाजी चालवत होता असे लिहिले आहे, म्हणून खटला त्याच्यावर आहे. तू तसे पाहिलेस का?

पाय हलवू नकोस. कुणी येऊन पायाला धडकले तरी त्याची माफी मागू नकोस.
तुझा महिपती

लोणावळे, ता. १५ डिसेंबर १९३६

चि. महिपतीस अनेक आशीर्वाद. विशेष.

साक्षीदारांची रांग लागली आहे आणि मला लाज वाटते आहे. दस्तगीरभाई म्हणतात, की बाई टांग्यातून उतरताना आमच्या घोड्यालाही चुकलं बाबा म्हणतात, घोडा बिघडत चाललाय. भुशीची बयाबाई तर कुणालाही सांगत सुटली आहे, की कळा मला येत हुत्या आन् चुकलं चुकलं आक्काच म्हनत हुत्या, मला वाटलं प्वार माजं हाय का त्यांचं. मी एवढे म्हणते हे मला माहीतच नव्हते. बिछान्यावर पडून ऐकते तर खरेच, पाणी देणाऱ्या पोरीलाही म्हणते.

तू विचारलेस म्हणून लिहिते. चाक अंबाजीच्या हातात नव्हते, शेटच्या हातात होते. शेट मोटार शिकत होते, लायसन नव्हते. अंबाजी शेजारी बसला होता, बहुधा डोळे मिटून.

काल अंबाजी आला होता. आपल्या कुसगावचा. त्याची बायको शालूबाई माझ्याच देखरेखीखाली आहे, फेब्रुवारीत दिवस भरतील. पायाशी बसून म्हणाला, की बाई, गाडी म्याच चालवत हुतो म्हना. दंड शेट भरनार हायेत. त्यांचं नाव घ्याल तर माजी नोकरी ग्येली.

म्हणजे बघ. मी अंबाजीचे नाव घेतले तर माझी जागा राहते, त्याची राहते आणि शेटही खूष. फक्त शपथ खोटी होते. रात्रंदिवस पाय दुखतो, पण हे जास्त दुखते.

नंदाबाईला सांग, मेथीचे लाडू पोचले. निम्मे बयाबाईच्या पोटात गेले. माया आहे तेवढी पुरे, लाडू मात्र वाढव.
मुक्ता

पुणे, ता. १८ डिसेंबर १९३६

ती. आक्कास सा. न. वि. वि.

अंबाजीला एवढेच विचार, की दंडाऐवजी कैद झाली तर तीही शेट भरणार आहेत का? आणि लायसन रद्द झाल्यावर तो शेटची मोटार चालवणार कशाने?

यापलीकडे मी काही सांगत नाही. शपथ तुझी आहे. तुझ्या तारखेलाच माझी इथे सुनावणी आहे, त्यामुळे येता येत नाही. रखमाजीराव आहेत. आशीर्वाद असावा.
महिपती

लोणावळे, ता. २१ जानेवारी १९३७

चि. महिपतीस अनेक आशीर्वाद. विशेष.

काल वडगावला जाऊन आले. दस्तगीरभाईंनी साक्ष दिली, तीत घोड्याचा भाग जरा लांबला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्यांना दोनदा रस्त्यावर आणले.

मग मी. अंबाजीला तुझा प्रश्न विचारला होता. तो नुसता हात जोडून उभा राहिला होता. मला खुर्ची दिली. शेटच्या वकिलाने चिठ्ठी दाखवून विचारले, की ही सही तुमची का. म्हटले, हो. चुकलं म्हणालात का. म्हटले, हो. मग तो मिशीत हसून म्हणाला, की तर मग बाई, नेमकं काय चुकलं ते कोर्टाला सांगा.

महिपती, मी विचार करू लागले. अगदी खरोखर. बेचाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलेच नव्हते. त्या सकाळचे एकेक पाऊल आठवून पाहिले. कडेने चालत होते. उजाडलेले होते. मोटारीचा आवाज आल्यावर आणखी कडेला झाले होते, त्यापुढे गटारच होते. इतका वेळ गेला, की साहेबांनी टाक खाली ठेवला. शेवटी म्हणाले, की साहेब, पुष्कळ शोधलं, काही सापडत नाही.

कोर्टात हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारले, मग कुणाचं चुकलं? मी अंबाजीकडे पाहिले. तो स्वतःच्या पायांकडे पाहत होता. मी म्हणाले, शेटचं. चाक त्यांच्या हातात होतं.

शेट उभे राहिले आणि बसले. शेट मागे बसले होते असे त्यांच्या वकिलाने आधी सांगितले होते, म्हणून साहेबांनी मुनिमाला बोलावून विचारले, की मागच्या सीटवर तुझ्याशेजारी कोण होतं. मुनीम नेमके लिहिणारा आणि नेमके बोलणारा माणूस. म्हणाला, कुणी नाही, मी एकटाच. मग शेट पुढेच होते का, असे विचारल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळले, पण उशीर झाला होता.

अंबाजी सुटला. शेटवर आता वेगळा खटला होणार. कमिटीचा निरोप आज आला, माझी जागा राहिली. पाय एका बोटाने आखूड राहील म्हणतात.

आणि अंबाजीला शेटने कालच काढून टाकले. आज सकाळी तो आमच्या ओट्यासमोरून गेला. मान वर केली नाही. मला जेवण गेले नाही. दुसरे काय बोलायला हवे होते ते मात्र अजून सुचत नाही.
मुक्ता

लोणावळे, ता. २४ फेब्रुवारी १९३७

चि. महिपतीस अनेक आशीर्वाद. विशेष.

शेटला दंड झाला, हे रखमाजीरावांनी कळवलेच असेल. कुसगावचे मात्र मीच लिहायला हवे.

शालूबाईचे दिवस भरले होते आणि मला बोलावतील अशी आशा मी सोडली होती. काल भर दुपारी दारात बैलगाडी उभी राहिली. अंबाजीच्या सासऱ्याची गाडी, हाकायला तो स्वतः. मला हाताला धरून वर चढवले, पायाखाली पेंढा घातला आणि निघालो.

काय सांगू तुला! खड्डा आला की थांबायचा. दगड दिसला की उतरून बाजूला करायचा. समोरून शेळी आली तर तिलाही वाट दिली. मागून दोन गाड्या आणि एक म्हातारी पुढे निघून गेली. मी म्हटले, की अरे हाक जरा, कळा काही आपल्यासाठी थांबायच्या नाहीत. तेव्हा तो तोंड न वळवता एवढेच म्हणाला, की बाई, आज गाडी माज्या हातात हाय.

पोचलो तेव्हा मुलगी होऊन तास झाला होता, आणि शालूबाई अंबाजीला जे बोलली, ते वकिलाला लिहून पाठवण्यासारखे नाही.

तुम्हा सर्वांवर माझा जीव आहे, तेवढा तुम्हीही माझ्यावर ठेवा.
मुक्ता