पाटीवरचं आडनाव

बडनेरा,
१६ जुलै २०२४

चि. पायल हिस,
बाबाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक आहे. आईचा गुडघा आता जिना चढू देतो. पाऊस बरा झाला, त्यामुळं शेतातल्या मोटारी जळत नाहीत आणि माझं वाइंडिंगचं काम मंद आहे. लोकांचं भलं झालं की आपलं नुकसान, असा धंदा निवडला मी. अंजनगावचे गोवर्धनराव आले होते. डाक्टरीणबाई कशा हायेत, विचारत होते. मजेत आहे म्हटलं.

मजेत नाहीस, हे मला ठाऊक आहे. परवा आईशी फोनवर रडलीस तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो, आणि माझे कान तू जाणतेस. तुझ्या दातांच्या दवाखान्याची पाटी आपण रंगवायला सांगितली नाही, असं ललित शपथेवर म्हणतो आणि तू त्याला खोटारडा म्हणालीस.

तो खरं बोलून राहिला, बेटा.

फोनवर मी गोड बोलून वेळ मारून नेतो, म्हणून हे पत्र.

दवाखान्याची खुर्ची, दिवे, कपाट सारं आंदणात मी दिलं. पाटी तेवढी तुझे सासरे खुशालराव करून देणार होते. आपलं वाहुरवाघ ठेवायचं, त्यांचं गावंडे लावायचं की दोन्ही, हे तुझं ठरत नव्हतं आणि ते बिचारे थांबले होते. मी थांबलो नाही. त्यांनी ठरवलेल्या अकोल्याच्या पेंटरला फोन केला, गावंड्यांच्या घरून बोलतो म्हटलं, आणि 'डॉ. पायल ललित गावंडे' लिहायला सांगितलं. खुशालरावांना वाटलं, तू कळवलंस. तुला वाटलं, त्या बापलेकांनी परस्पर उरकलं.

काहून केलं, विचारशील. लग्नात मी स्वतः वाढत होतो. वरपक्षाकडचे दोघं हळू आवाजात बोलत होते. एक म्हणाला, "पोरगी डाक्टर हाये, पन आडनाव आयकलं काय? तिचा हात तोंडात कोन घालू देईन?" दुसरा हसला. मी दोघांच्याही ताटात आग्रहानं बुंदी वाढली आणि पुढं सरकलो.

मला स्वतःला लोकांनी असं कितीदा ऐकवलं. मी हसत हसत त्यांची तोंडं बंद केली आणि याच आडनावाखाली दुकान चालवलं. तुझ्या वेळी मात्र डोळ्यांपुढं रिकामं बाकडं आलं, पेशंटच नाही, आणि मी भ्यालो. त्या दोघांनी जे हळूच म्हटलं, ते मी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं.

अजून एक राहिलं. उद्घाटनाच्या दिवशी तू पाटीकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. तेव्हा मीच म्हटलं, "सासरच्यांचं मन राखावं, बेटा."

रविवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला येतो. आधी खुशालरावांना आणि ललितला सारं माझ्या तोंडानं सांगेन. तू बोलावलंस तर मग दवाखान्यात येईन, नाहीतर दुपारच्या गाडीनं परत. पाटीचं मी काही बोलणार नाही. गावंडे ठेवलंस तरी ते तू ठेवलेलं असावं.

ललितशी मात्र माझी वाट न पाहता बोल. त्याची काही चूक नाही.

आईला अजून काही माहीत नाही. पत्र टाकून आलो की सांगतो.

तुला न विचारता तुझं नाव ठरवून बसलेला,
बाबा