आबांचे मिटलेले डोळे

सानपाडा, १२ जानेवारी १९९६

आली एकदाची छापून! माझी पहिली कादंबरी! ग्रंथालयातल्या सत्कारात एका मुलीनं विचारलं, "नव्यानं लिहिणाऱ्यांनी काय करावं?" मी ऐटीत सांगितलं, "दमलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याचे डोळे मिटले की ते पान काढा." मी तेच केलं ना! मार्केटात दिवसभर गोणी वाहून आलेल्या आबांना रोज वाचून दाखवलं. त्यांचे डोळे मिटले, ती सव्वीस पानं ट्रंकेत टाकली.

घरी येऊन आबांना छापील पुस्तक वाचून दाखवत होते, तर मधेच म्हणाले, "तुझी आय विहिरीवर हुती, ते पान कुठं गेलं गं?"

"तुम्ही झोपला होतात ना!"

"झोपलो न्हवतो. ती दिसत हुती, म्हणून डोळं मिटलं."

ट्रंक उघडून बसलेय. माझी दुसरी कादंबरी आबांना आधीच आवडलीय!