गठ्ठ्यातली चिठ्ठी

३ नोव्हेंबर, सोमवार
सोळावं परिपत्रक गेलं. 'विदागार नवे, वेग तिप्पट, सुरक्षा तिपदरी.' काव्यतीर्थ होऊन शेवटी सर्व्हरची स्तोत्रं रचतोय. वि. खूश. शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता मालक. चादर-टॉवेलच्या कारखान्यांना ऑर्डरी सांभाळायचं सॉफ्टवेअर विकतो. गिऱ्हाइकांपैकी कुणी वाचलं नसणार. स्तोत्राला उत्तर येत नसतंच.

६ नोव्हें., गुरु.
सुजाताचा फोन. गावाच्या पूर्व भागातल्या राजेशम अण्णांची सून; सासऱ्यांना मामय्या म्हणते. अण्णांचा चादरींचा कारखाना, आमचं पहिलं गिऱ्हाईक. पाडव्याला अर्धांगवायू, उजवी बाजू गेली, वाचाही.
"काका, मामय्यांचे शेरे दिसेनात की. कुणाला कसला माल द्यायचा ते सगळं त्यातच होतं."
बघतो म्हटलं. बघितलं. नव्या आवृत्तीत शेऱ्याचा रकानाच नाही.

७ नोव्हें., शुक्र.
वि. म्हणाला, "अरे, तूच म्हणालास की!"
खरंय. आषाढातली बैठक. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांनी विचारलं, शेऱ्याचा हा मोकळा मजकूर ठेवायचा का? मी पंडिती केली: "प्रक्षिप्त, मागून घुसडलेला भाग आहे, काढा. अर्थाला बाध येत नाही." सगळे हसले. मी जरा जास्तच.
जुनी प्रत तीन महिने ठेवतात, मग पुसतात. पुसली.
आणखी एक सापडलं. श्रावणात शेऱ्यांसाठी अण्णांचा दोनदा फोन येऊन गेलेला. त्यावर माझंच उत्तर: 'नवी आवृत्ती अधिक सुरक्षित आहे.'

१० नोव्हें., सोम.
अण्णांकडे गेलो. खाटेवर. ओळखलं, डावा हात उचलला. मला खाली बघावं लागलं.
तेवढ्यात जेऊरच्या दुकानदाराचा फोन. सुजाताने स्पीकर लावला.
"ताई, अण्णा धाडायचे तसलीच धाडा."
"तसली म्हणजे कसली, दादा?"
"ते मला काय म्हाईत? अण्णांना म्हाईत हाय. आन् ती चिठ्ठी का बंद केली वो? लई मजा यायची. 'घासाघीस करतो, पण माणूस चांगला हाय', असलं लिवलेलं असायचं. घरात हसायचो आमी."
शेरा होता गठ्ठा बांधणाऱ्यासाठी. चिठ्ठीवर छापून यायचा, बांधणारा वाचायचा आणि चिठ्ठी मालातच टाकायचा. इतकी वर्षं अण्णांची मनातली मतं गावोगाव पोचत होती. अण्णांना पत्ता नाही. आम्हालाही कळलं ते 'दोष' म्हणून. पंधराव्या परिपत्रकात माझ्याच ओळी: 'चिठ्ठीवर शेरा छापला जाण्याचा दोष दूर केला आहे.'
दोन व्यापारी सुटले. सुजाता म्हणाली, असंच चाललं तर संक्रांतीला निम्मे माग बंद. अण्णा ऐकत होते. ओठ हलले. आवाज...

१२ नोव्हें., बुध.
वि.: "ती सोय नव्हती, चूक होती."
मी: "त्या चुकीसाठीच लोक अण्णांकडे येत होते. आपण त्यांना वेग दिला. मागितला होता कुणी?"
तो म्हणाला, "रकाना उद्या परत घालतो. मजकूर कुठून आणू?"
सुजाताकडून व्यापाऱ्यांचे पत्ते मागवले.

१४ नोव्हें., शुक्र.
चाळीस व्यापाऱ्यांना चाळीस पत्रं. हाताने. सर्व्हर नाही, सुरक्षा नाही. एवढंच, की अण्णांच्या जुन्या चिठ्ठ्या जपल्या असतील तर पाठवा. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला काही सांगण्याऐवजी विचारणारं हे पहिलं पत्र.

२४ नोव्हें., सोम.
तीन उत्तरं. हुबळी: चिठ्ठ्या गोणपाटाबरोबर टाकून दिल्या, माफी. सांगोला: नवीन दर कळवा. तिसऱ्याने विचारलंय, अण्णा गेले का?
हे सुजाताला दाखवलं नाही.

२ डिसें., मंगळ.
जेऊरहून पाकीट. एकच चिठ्ठी, घडीवर फाटलेली. काउंटरच्या काचेखाली होती म्हणे.
'जेऊर. घासाघीस करेल, करू द्या. त्याची आई थकली आहे. बिनखळीची एक मऊ चादर वेगळी टाका. त्याला सांगू नका.'
मागे दुकानदाराचं अक्षर: 'आई गेल्या साली गेली. चादर हाय. अण्णांना दाखवून चिठ्ठी परत धाडा.'
प्रक्षिप्त म्हणे!

५ डिसें., शुक्र.
सुजाताने वाचून दाखवली. 'सांगू नका'पाशी ती थांबली. अण्णांनी डावा हात पुढे केला. चिठ्ठी घेतली, उलटली, मागचं वाचलं.
मग बोट माझ्या खिशातल्या पेनाकडे. पेन दिलं, कागद धरला.
डाव्या हाताने काढलेली ती रेघ होती की अक्षर, कळेना. सुजाता म्हणाली, "हुबळीचा शेरा का, मामय्या?" मान हलली. हो की नाही, तेही कळेना. घाम फुटलेला. म्हटलं, राहू द्या अण्णा, उद्या. ऐकेनात. कागद पुन्हा ओढून घेतला.
चिठ्ठी जेऊरला परत पाठवायची आहे. छत्तीस पत्रांना उत्तर आलेलं नाही.
उद्या जाताना जाड कागद न्यायचा. आजचा फाटला.