राणीची करंगळी

बाबा,

हे पत्र मी हातानं लिहितेय. कंप्युटरवर दोन बोटांनी टकटक करून नाही, पेनानं. पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, तुम्ही गुंडाळून द्यायचात तसाच. चार ओळी झाल्या की बोटं संपावर जातात, त्यामुळे आज पाचवा दिवस आहे आणि अजून मुद्द्याला हात घातलेला नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "बाय, तू बोल, मी घेतो उतरून." पण हे तुम्हाला उतरवून घ्यायला सांगण्यासारखं नव्हतंच कधी.

विरारचं ते तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर आठवतं. आई गेल्यापासून घरात आपण दोघंच. एकविसाव्या वर्षी मला संधिवात जडला, म्हाताऱ्यांचा नव्हे, तो दुसरा, सांधे वाकडे करून ठेवणारा. "एवढ्याशा वयात?" म्हणून बायका हळहळायच्या, जणू मीच हौसेनं मागून आणला होता. रविवारी त्या पिवळ्या गोळ्या, सोमवारी दिवसभर मळमळ, आणि रोज सकाळी दोन तास बोटं उघडायची नाहीत. डॉक्टरांनी गरम मेणात हात बुडवायला सांगितलं, तर तुम्ही आईचा जुना कुकर मेणासाठी काढलात. माझे दोन्ही हात मेणात, समोर स्टुलावर तुम्ही, गुडघ्यावर वही. चौतीस वर्षं फोर्टातल्या ऑफिसात साहेबांची पत्रं लघुलिपीत घेतलीत, आणि रिटायर झाल्यावर मुलीच्या कादंबरीतले राक्षस घ्यायला बसलात. मी सांगायची, तुमच्या पेन्सिलीच्या रेघा सरसर पळायच्या, आणि मी अडखळले की तुम्ही वर न बघता म्हणायचात, "पुढे?" दुपारी तेच सगळं तुम्ही टाइप करायचात. एकदा म्हणालात, "आमच्या साहेबांनी सुद्धा एका पानात इतकी माणसं मारली नाहीत हो."

कादंबरी समुद्रातल्या एका किल्ल्याची होती. तो किल्ला अर्नाळ्याचाच. आपण गेलो होतो ना रिक्षानं, पण होडीत चढायला पाण्यात उतरावं लागतं आणि तिच्या काठावर हातांनी भार घ्यावा लागतो. सुकट वाळत घालणारी एक बाई ओरडली, "ये गो पोरी, पानी गुडघ्याएवढंच हाय!" मला गुडघ्याचीच तर भीती होती. मी वाळूत बसून राहिले आणि तुम्ही, उभ्या जन्मात पाण्याला घाबरणारा माणूस, एकटे होडीत बसून गेलात. परत आलात ते पँट भिजलेली आणि वहीची सहा पानं भरलेली: दरवाजा केवढा, पायऱ्या किती, विहिरीचं पाणी गोड की मचूळ. ते मी तसंच्या तसं पुस्तकात घातलं. वाचणारे विचारतात, किल्ल्यावर किती दिवस राहिलात? मी हसते आणि विषय बदलते.

त्या किल्ल्याची राणी तटाला एक दगड लावते आणि तिच्या बोटाचं एक पेर दगड होतं. किल्ला पुरा होतो तेव्हा तिचे दोन्ही हात दगडाचे झालेले असतात. तुम्हाला ते आवडत नव्हतं, ठाऊक होतं मला. तुम्ही मूग गिळून लिहीत राहिलात. आणि मग सातव्या प्रकरणाची टाइप केलेली पानं वाचताना मला एक वाक्य सापडलं, मी न सांगितलेलं: "त्या सकाळी राणीची करंगळी जराशी हलली."

किती बोलले मी तुम्हाला! "साहेबांच्या पत्रात घालायचात का मनचं? बाप म्हणून बसू नका माझ्यासमोर, स्टेनो म्हणून बसा. जमत नसेल तर राहू द्या." शेजारच्यांनी दार लोटून घेतलं, इतका माझा आवाज चढला होता. तुम्ही चष्मा काढून पुसलात. "चुकलं. पुन्हा नाही होणार," म्हणालात, साहेबाला म्हणावं तसं, आणि पांढऱ्या शाईची बाटली आणून ते वाक्य पुसलंत. त्यानंतर तुम्ही "पुढे?" म्हणायचंसुद्धा सोडलंत. मी थांबले की तुम्हीही नुसते थांबायचात. मला वाटलं होतं, दोन दिवसांत राग निवळेल आणि मी काहीतरी बोलेन. कसलं काय, दोन महिने तसेच गेले.

शेवटचं प्रकरण सांगून झालं त्याच्या दुसऱ्या सकाळी टँकर आला. नळाला पाणी नव्हतंच आठवडाभर. "मेण तापत ठेव, दोन हंडे घेऊन आलोच," म्हणालात. घरात हंडा उचलू शकणारे हात तुमचेच होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुम्ही बसलात ते उठलाच नाहीत. पाणी जिन्यावरून खाली वाहत गेलं आणि खालचे लोक कुणाचा हंडा सांडला म्हणून ओरडत वर आले. मी धावू शकले नाही, बाबा. कठडा धरून एकेक पायरी उतरले.

शेवटचं प्रकरण तुमच्या वहीतच राहिलं, टाइप न झालेलं. लघुलिपी ज्याच्या त्याच्या हातची. तुमचे जुने सोबती म्हणाले, हे त्याचं त्यालाच लागायचं. मी आठवून आठवून दुसरा शेवट केला, पुस्तक निघालं, त्यानंतर आणखी तीन निघाली. वही मात्र कपाटातच राहिली. खोटं कशाला बोलू, मला एक वेडी आशा होती. मनाशी म्हणायची, त्या रेघांत कुठेतरी बाबांनी माझं न ऐकता ती करंगळी पुन्हा हलवली असेल.

गेल्या महिन्यात कळलं, जवळच पापडी गावात चर्चमागच्या गल्लीत एक टीचर आहेत, पूर्वी लघुलिपीचे क्लास घ्यायच्या. ऐंशीच्या पुढच्या. भिंग लावून त्यांनी चार दुपारी ती वही वाचली, मी शेजारी बसून. आधी अडखळल्या, मग तुमचा हात त्यांना लागला. "काय माणूस होता गं तुझा बाप! काहीच सोडलं नाही यानं," म्हणाल्या. खरंच सोडलं नव्हतंत. मी कण्हले तिथे "आई गं". मेण गार झालं तिथे "मेण गार, थांबली". मी तुमच्यावर खेकसले, "लक्ष आहे का?" तेही उतरवलेलं. शेवटच्या पानावर मी विचारलं, "टीचर, करंगळीचं काही आहे?" त्यांनी पान पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाही गं. हात दगडाचेच आहेत. तू सांगितलंस तेवढंच आहे." मी तिथेच, परक्या घरात, हमसून हमसून रडले. त्यांनी केळं सोलून हातात दिलं, कारण मला सोलता येत नाही हे त्यांनी पाहिलं होतं.

आता हे पत्र त्या वहीत घालून ठेवीन. एकच सांगायचं राहिलंय, त्यासाठीच पाच दिवस घालवले. ते वाक्य वाईट नव्हतं, बाबा. वाचलं तेव्हा मला खरं वाटलं होतं. तुमच्यावर ओरडण्याआधी, तुम्ही आत चहा टाकत होतात तेव्हा, मी माझी करंगळी हलवून पाहिली होती. ती हलली नाही.

म्हणून ओरडले.